पक्षाघातानंतरचे चालणे : रुग्णाचा धम्म आणि शुश्रूषकाचा धम्म

'अंगावरून वारे गेले' असे आपल्याकडे म्हणतात. सकाळी धडधाकट कामावर गेलेला माणूस संध्याकाळी इस्पितळाच्या खाटेवर असतो. एक हात आणि एक पाय लुळा, तोंड वाकडे, जीभ जड. काही दिवसांनी त्याला घरी सोडतात. नातेवाईक भेटायला येतात, फळे आणतात आणि 'आता फक्त आराम करा' असे सांगून जातात. घरची माणसे त्याला जागेवर भरवतात, जागेवर अंग पुसतात, कूस बदलून देतात. यात माया आहे, कष्ट आहेत, याबद्दल शंका नाही. परंतु या मायेपोटी कित्येकांचे परत येऊ शकणारे चालणे खाटेवरच राहून गेले, हेही तितकेच खरे आहे.

आपल्या समाजात हा आजार घरोघरी दिसू लागला आहे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, मशेरी, दारू, पाळीचे काम आणि अपुरी झोप ही सर्व आपल्याच वस्तीत वावरणारी कारणे आहेत. म्हणून या स्मरणिकेत पक्षाघाताच्या रुग्णाचे चालणे पुन्हा कसे उभे करावे, त्यात रुग्णाने काय करावे, घरच्यांनी काय करावे आणि विहाराने व संस्थेने काय करावे, याचा विचार आम्ही मांडत आहोत. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी नाही. तो सल्ला घरात नीट अमलात यावा एवढाच त्याचा हेतू आहे.

पक्षाघात म्हणजे काय?

पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा ही एकाच आजाराची नावे आहेत. आजार हातापायात नसतो, मेंदूत असतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते किंवा वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बहुतेक रुग्णांत कारण गुठळीचे असते. ज्या भागाला रक्त मिळत नाही तेथील पेशी काही मिनिटांत मरू लागतात. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी बाजू. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवे अंग लुळे पडते आणि पुष्कळदा वाचाही जाते. उजव्या मेंदूला इजा झाली की डावे अंग जाते, आणि काही रुग्णांना आपली डावी बाजू आहे याचेच भान राहत नाही. ते ताटातील डाव्या बाजूचा भात खात नाहीत, चालताना डावीकडच्या दाराच्या चौकटीवर आदळतात. घरच्यांना हा हट्ट वाटतो. तो हट्ट नव्हे, आजाराचा भाग आहे.

येथे एक गोष्ट ठासून सांगणे भाग आहे. तोंड वाकडे होणे, हात वर न राहणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर तो क्षण घड्याळात पाहून ठेवावा, १०८ क्रमांकाला फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णाला ताबडतोब न्यावे. गुठळी असल्यास ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि जितके लवकर तितके चांगले. हे तास तेल चोळण्यात, अंगारा लावण्यात किंवा कबुतराचे रक्त माखण्यात घालवणे म्हणजे त्या माणसाचा पाय आपल्या हाताने बांधून टाकणे होय. कारणावाचून कार्य नाही असे तथागतांनी शिकवले. लकव्याचे कारण रक्तवाहिनीत आहे, करणीत नाही आणि कर्मविपाकातही शोधू नये.

चालणे परत कसे येते?

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग माणूस पुन्हा चालतो कसा? मेंदूचे जे भाग वाचलेले असतात ते गेलेल्या भागाचे काम थोडे थोडे शिकतात. लहान मूल जसे पडत, उठत, हजारो पावले टाकून चालायला शिकते, तसेच हे शिकणे आहे. शिकण्याचा नियम एकच. जे करायचे आहे त्याचाच सराव हवा आणि तो पुन्हा पुन्हा हवा. खाटेवर पडून पाय हलवण्याने पाय हलवता येईल; चालायचे असेल तर उभे राहून पाऊल टाकावे लागेल. सिडनी येथील जॅनेट कार आणि रॉबर्टा शेफर्ड या दोन भौतिकोपचार तज्ज्ञांनी १९८० च्या दशकात हाच विचार पद्धतशीरपणे मांडला आणि तो पुढे सर्वत्र मान्य झाला.

किती जण चालू लागतात? डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात ८०४ रुग्णांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल होताना ५१ टक्के रुग्णांना मुळीच चालता येत नव्हते आणि १२ टक्क्यांना दुसऱ्याची मदत लागत होती. उपचार व सराव पूर्ण झाला तेव्हा मूळ रुग्णांपैकी ५० टक्के स्वतःच्या पायांनी चालत होते, ११ टक्के मदतीने चालत होते, १८ टक्क्यांना चालता येत नव्हते आणि २१ टक्के दगावले होते. म्हणजे वाचलेल्यांपैकी बहुतेकांना चालणे लाभले. याच पाहणीत आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिसली. ९५ टक्के रुग्णांच्या चालण्यात जी काही सुधारणा व्हायची ती पहिल्या ११ आठवड्यांत झाली होती. म्हणून पहिले तीन महिने सोन्याच्या मोलाचे. नेमके हेच तीन महिने आपल्याकडे 'आरामात' जातात.

मात्र घाईही घातक आहे. २०१५ साली पाच देशांतील ५६ रुग्णालयांत २१०४ रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटका आल्यापासून पहिल्या २४ तासांतच ज्यांना वारंवार आणि जास्त वेळ उठवून उभे केले, त्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्या रुग्णांपेक्षा थोडी कमीच चांगली आढळली. तात्पर्य असे की पहिल्या दिवशी आपल्या मनाने रुग्णाला उठवू नये. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मात्र थोडा थोडा वेळ, दिवसातून अनेकदा उठवावे आणि पुन्हा आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवू नये. दोन्ही टोके सोडून मधला मार्ग धरावा, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

महावग्गातील आजारी भिक्खू

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह विहारातून फिरत असता तेथे आले. तुझी सेवा करणारे कोणी नाही का, असे त्यांनी विचारले. त्याने सांगितले की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी सेवा करीत नाहीत. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले. दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून उचलून मंचावर निजवले. नंतर संघाला बोलावून त्यांनी समज दिली की येथे तुमचे आईवडील नाहीत; तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजावी, असा त्यांचा उपदेश होता. आजाऱ्याला गुरू, शिष्य वा सोबती कोणी नसेल तर त्याची जबाबदारी संघावर येते, असा नियमही त्यांनी घालून दिला.

'मी कोणाच्या उपयोगाचा नाही' हे त्या भिक्खूचे दुःख आज पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाच्या मनात असते. म्हणून हा प्रसंग आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. याच प्रकरणात भगवंतांनी चांगल्या रुग्णाचे पाच गुण आणि चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. आजच्या भौतिकोपचाराचे पुस्तक उघडले तरी यापेक्षा वेगळी विभागणी सापडणार नाही. त्याच क्रमाने आपण जाऊ.

रुग्णाचे पाच गुण

पहिला गुण म्हणजे जे हितकर ते करणे. पक्षाघाताच्या रुग्णाला हितकर काय? जे अंग हलत नाही ते वापरात ठेवणे. चांगल्या हातापायाने सगळे भागवण्याची सवय लागली की मेंदू दुर्बळ अंगाला विसरू लागतो. बसताना, उठताना दोन्ही पायांवर सारखा भार टाकण्याचा प्रयत्न रुग्णाने करावा.

दुसरा गुण म्हणजे हितकर गोष्टीचेही प्रमाण जाणणे. एकदाच तासभर चालून थकून पडण्यापेक्षा दहा-दहा मिनिटे दिवसातून पाच-सहा वेळा बरे. थकल्यावर पाऊल वाकडे पडते आणि वाकडे पाऊलही सरावानेच पक्के होते.

तिसरा गुण म्हणजे औषध वेळेवर घेणे. रक्तदाब मोजल्यावर तो बरोबर आला म्हणून गोळी बंद करणारे पुष्कळ आहेत. गोळी चालू आहे म्हणूनच तो बरोबर आला, हे ध्यानात ठेवावे. एकदा झटका येऊन गेलेल्याला दुसरा येण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, आणि दुसरा झटका कमावलेले सर्व चालणे हिरावून नेऊ शकतो. तंबाखू, मशेरी व दारू पूर्ण बंद, मीठ-लोणचे-पापड कमी, साखर ताब्यात. पंचशीलातील पाचवे शील येथे अक्षरशः औषध आहे.

चौथा गुण म्हणजे दुखणे जसे असेल तसे सांगणे. वाढले तर वाढले, कमी झाले तर कमी, आहे तसे असेल तर तसे. चालताना छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येणे, एका पोटरीला सूज व कळ येणे, नव्याने अशक्तपणा जाणवणे यांतले काहीही झाले तर थांबून लगेच सांगावे. आपले पुरुष रुग्ण सहसा लपवतात आणि आपल्या आया-बहिणी 'माझ्यामुळे घराला त्रास नको' म्हणून गप्प बसतात. दोन्ही चूक.

पाचवा गुण म्हणजे वेदना सहन करण्याची शक्ती. सराव कंटाळवाणा असतो, प्रगती बोटभर असते. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना नैराश्य ग्रासते. ते मनाचा दुबळेपणा नसून आजाराचाच भाग आहे आणि त्यावर उपचार आहेत. सतत रडू येणे, जेवण-झोप जाणे, सरावाला नकार देणे हे दिसले तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शुश्रूषकाचे पाच गुण

पहिला गुण : औषधाची व्यवस्था करता येणे. येथे औषध म्हणजे गोळ्या तर आहेतच, पण सरावाची जागा व साधनेही आहेत. आपली घरे लहान असतात. तरी खाट भिंतीपासून दूर घेता येते. उंबरठ्याला रंगाचा ठळक पट्टा ओढता येतो. मोरीत आणि शौचालयात हाताला धरायला पाइप बसवता येतो. ओली फरशी लगेच पुसावी. सपाता घालून चालवू नये. मागून पट्टा असलेली, पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट घालावा. जमिनीवर बसण्या-उठण्याची घाई नको. गुडघ्याच्या उंचीची, हात असलेली, न घसरणारी खुर्ची घ्यावी. चाळीतील शौचालय दूर असेल तर कमोड खुर्ची मिळवावी.

दुसरा गुण : हितकर-अहितकर ओळखणे, हितकर पुढे आणणे, अहितकर दूर करणे. सर्वांत अहितकर गोष्ट म्हणजे दुर्बळ हात ओढून रुग्णाला उठवणे. लुळ्या हाताचा खांदा सैल झालेला असतो. ओढल्याने तो निखळतो, दुखतो आणि मग रुग्ण सरावच टाळू लागतो. काखेत हात घालून उचलणेही तसेच वाईट. उठवायची योग्य रीत पुढे दिली आहे. दुसरी अहितकर गोष्ट म्हणजे लुळ्या पायावर रोज तासन् तास मालीश करून त्यालाच उपचार समजणे. हलक्या मालीशने बरे वाटेल, पण मालीश चालायला शिकवीत नाही.

तिसरा गुण : मैत्रीभावाने सेवा करणे, लाभासाठी नव्हे. म्हाताऱ्याची पेन्शन किंवा खोली डोळ्यांसमोर ठेवून केलेली सेवा रुग्णाला बरोबर कळते. आणखी एक गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो. आपल्या घरांत ही सेवा बहुतेक वेळा एकट्या सुनेच्या किंवा बायकोच्या गळ्यात पडते. ती दमते, चिडते, कधी तिचेच कंबरडे मोडते. मैत्री सर्वांनी करायची असेल तर पाळीही सर्वांची हवी. सकाळचा सराव मुलाने, दुपारचा मुलीने, संध्याकाळचा नातवाने घ्यावा.

चौथा गुण : मलमूत्र, थुंकी, उलटी यांची किळस न करणे. पहिल्या आठवड्यांत लघवीवर ताबा नसतो. रुग्णाला लाज वाटते, म्हणून तो पाणी कमी पितो, आणि मग तापाचे व बद्धकोष्ठाचे निमित्त होते. ठरावीक वेळेला, दर दोन-तीन तासांनी शौचालयापर्यंत किंवा कमोडपर्यंत नेणे हा ताबा मिळवण्याचा मार्ग आहे आणि तोच चालण्याचाही सराव आहे. डायपर बांधून पडू दिले तर दोन्ही संधी जातात.

पाचवा गुण : वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाचे मन उल्हसित करणे. याचा अर्थ त्याच्यासमोर बसून प्रवचन द्यावे असा नाही. काल चार पावले झाली होती, आज सहा झाली, हे त्याला सांगावे. घरातल्या निर्णयात त्याला विचारावे. वाचा गेली असली तरी समज पुष्कळदा शाबूत असते. त्याच्यादेखत 'आता यांचे काय खरे नाही' असे बोलू नये.

सरावाचा पाठ

पुढील क्रम भौतिकोपचार तज्ज्ञाने रुग्णाला तपासून परवानगी दिल्यावर करावा.

१. बसणे. प्रथम खाटेच्या कडेला, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून, आधाराविना बसता आले पाहिजे. तोल सांभाळत दोन्ही बाजूंना हात लांबवून वस्तू उचलण्याचा सराव करावा.

२. उठणे. खुर्ची भिंतीला टेकवावी. पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यावीत. रुग्णाने कमरेतून पुढे वाकावे, इतके की नाक पायाच्या बोटांच्या वर आले पाहिजे. मग दोन्ही पायांवर भार देऊन उठावे. बसताना धपकन न बसता सावकाश बसावे. सुरुवातीला पाच-पाच वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. हा एकच व्यायाम नीट झाला तर अर्धे काम होते, कारण मांडीत बळ आल्याशिवाय पाऊल उचलत नाही.

३. उभे राहणे. ओट्यासमोर किंवा भक्कम टेबलासमोर उभे राहून भार एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर घ्यावा. चालणे म्हणजे एका पायावर क्षणभर उभे राहणेच होय. दुर्बळ पाय तो क्षण पेलू लागला की पाऊल पुढे पडते.

४. पाऊल टाकणे. मदतनिसाने रुग्णाच्या दुर्बळ बाजूला, अर्धे पाऊल मागे उभे राहावे. रुग्णाच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरावा. हात धरू नये. मागून दुसऱ्याने खुर्ची आणावी. पाऊल लोंबत असेल, चवडा जमिनीला घासत असेल, तर रुग्ण तो पाय बाहेरून अर्धगोल फिरवत आणतो. अशा वेळी घोट्याला आधार देणारा स्प्लिंट तज्ज्ञ सुचवतात. तो घातल्याने ठेच लागत नाही. त्याची लाज बाळगू नये.

५. काठी. काठी चांगल्या हातात धरायची. सरळ उभे राहून हात सैल सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या रेषेइतकी उंच हवी. क्रम असा : आधी काठी, मग दुर्बळ पाय, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुर्बळ पाय आधी.

६. मोजणे. विहाराच्या व्हरांड्यात किंवा गल्लीत दहा मीटर अंतर खडूने आखावे. थोडे अलीकडून चालायला लागून, आपल्या सोयीच्या गतीने त्या दहा मीटरला किती सेकंद लागतात ते आठवड्यातून एकदा वहीत लिहावे. अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञ जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली या गतीचा अर्थ लावून दिला. दहा मीटरला २५ सेकंदांहून अधिक वेळ लागतो त्या माणसाचे चालणे बहुधा घरापुरते असते. २५ ते साडेबारा सेकंद लागत असतील तर आसपास थोडे फिरता येते. साडेबारा सेकंदांच्या आत आला तर तो बाजारात, बसथांब्यावर, सभेला जाऊ शकतो. चाळीस सेकंदांवरून तीस सेकंदांवर येणे डोळ्यांना दिसत नाही, पण वहीत दिसते. आणि हीच वही रुग्णाची उमेद टिकवते.

यंत्र हवे का? घरच्यांनी भागेल का?

'आमच्याजवळ पैसे नाहीत, मोठ्या इस्पितळातली यंत्रे आम्हाला कुठली?' असा प्रश्न येतो. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. काहींना शरीराचा भार पट्ट्यांनी पेलून ट्रेडमिलवर चालवले, काहींना भौतिकोपचार तज्ज्ञाने घरी जाऊन बळ व तोल वाढवणारे व्यायाम दिले. एका वर्षाने सर्वांमध्ये मिळून ५२ टक्के रुग्णांचे चालणे वरच्या पायरीवर गेले होते आणि ट्रेडमिल व घरचे व्यायाम यांत फरक आढळला नाही. ज्यांना ट्रेडमिल सहा महिन्यांनंतर दिली त्यांचीही प्रगती झाली. म्हणजे यंत्र नाही म्हणून निराश होऊ नये आणि सहा महिने उलटले म्हणून सरावही सोडू नये.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्याच देशात १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबातील एका व्यक्तीला रुग्णालयात रोज सुमारे तासभर असे साधारण तीन दिवस शिकवले आणि नंतर घरी दोन महिन्यांपर्यंत मार्गदर्शन केले. सहा महिन्यांनी पाहिले तर शिकवलेल्या व न शिकवलेल्या दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के होते. याचा अर्थ घरच्यांनी काही करू नये असा नाही. पण चार दिवसांच्या शिकवणीवर घरच्यांनीच सर्व भार उचलावा आणि तज्ज्ञाची गरज नाही असे मानणे चूक आहे. वरच्या अभ्यासात घरचे व्यायाम यशस्वी झाले ते तज्ज्ञ स्वतः घरी येऊन करवून घेत होता म्हणून, हे विसरू नये. तज्ज्ञाने शिकवावे, तपासावे, सराव वाढवावा. मधल्या सर्व तासांत घरच्यांनी तो टिकवावा. दोन्ही चाके हवीत.

भौतिकोपचाराचे शिक्षण आपल्या राज्याला नवे नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५३ साली त्याचे विद्यालय सुरू झाले आणि हाजी अली येथे १९५५ साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा विभाग असतो. अडचण असते ती तेथवर रुग्णाला नेण्याची. आठवड्यातून दोनदा रिक्षाचे भाडे आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, यातच पुष्कळांचा उपचार सुटतो.

संस्थेचे कर्तव्य

येथेच विहार आणि संस्था यांचे काम सुरू होते. ज्याला कोणी नाही त्याची जबाबदारी संघावर, हा महावग्गातील नियम आपण आपल्या वस्तीपुरता पाळू शकतो. आम्ही पुढील गोष्टी सुचवतो. विहाराच्या एका भिंतीला कमरेच्या उंचीचा लोखंडी कठडा बसवावा आणि दहा मीटरची रेघ कायमची आखावी. वॉकर, काठ्या, कमोड खुर्च्या, चाकाच्या खुर्च्या वापरून झाल्यावर घरात धूळ खात पडतात. त्या विहारात जमा करून गरजूंना द्याव्यात. वर्गणीतून रिक्षाभाड्याचा एक छोटा निधी ठेवावा. रविवारच्या वंदनेनंतर रक्तदाब तपासावा. वंदनेला येणाऱ्या अशा रुग्णांसाठी पुढच्या रांगेत खुर्च्या मांडाव्यात. जमिनीवर बसता येत नाही म्हणून कोणी धम्मश्रवणास मुकू नये. विहाराच्या पायरीशेजारी उतार करावा. ज्यांचे अपंगत्व राहिले आहे त्यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र मिळवून देण्यास आपल्या शिकलेल्या तरुणांनी मदत करावी. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्याचे लाभ आहेत. यांपैकी कशालाही मोठी देणगी लागत नाही.

चंक्रमण

चालणे ही बौद्ध परंपरेत साधी गोष्ट नाही. बुद्धगयेस महाबोधी विहाराच्या उत्तर बाजूस, ज्ञानप्राप्तीनंतर भगवान जेथे येरझारा घालीत होते तो चंक्रमणाचा चौथरा आजही दाखवतात. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, प्रयत्नाची ताकद येते, आजार कमी होतात, अन्न पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. सतिपट्ठानाच्या उपदेशातही चालताना आपण चालत आहोत याचे भान ठेवण्यास सांगितले आहे. धडधाकट माणसाला हे भान ठेवणे अवघड जाते, कारण त्याचे पाय आपोआप चालतात. पक्षाघाताच्या रुग्णाला मात्र प्रत्येक पाऊल जाणीवपूर्वकच टाकावे लागते : भार घेतला, टाच उचलली, पाय पुढे नेला, टेकवला. जे साधक प्रयत्नाने करतो ते हा रुग्ण गरजेने करतो. त्याच्या या सरावाला 'बिचाऱ्याची धडपड' म्हणून आपण पाहू नये, चंक्रमण म्हणून पाहावे.

काठी घेण्यात कमीपणा वाटणाऱ्यांना एक आठवण देतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या समुदायासमोर परमपूज्य बाबासाहेब धम्मदीक्षेच्या व्यासपीठावर आले. त्यांना पक्षाघात नव्हता, पण मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर खचले होते. त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर होता. तशा पावलांनी चालत येऊन त्यांनी आपल्याला आयुष्यभराचा मार्ग दिला. त्या दिवशी बाबासाहेबांना कोणी उचलून नेले नाही. रत्तूंनी खांदा दिला, चालले बाबासाहेब स्वतः.

आमच्या मते शुश्रूषेचा सारा अर्थ त्या खांद्यात आहे. ज्या घरात असा रुग्ण आहे तेथे आज संध्याकाळीच त्याला खाटेच्या कडेला बसवावे, भौतिकोपचार तज्ज्ञाची वेळ घ्यावी आणि एक वही विकत आणावी. ज्या घरात नाही त्यांनी आपला रक्तदाब तपासून घ्यावा आणि शेजारच्या घरी पाळीला जावे. सर्व प्राणिमात्र निरोगी व सुखी होवोत, ही मंगलकामना.

नमो बुद्धाय! जय भीम!